पाळी लवकर आली म्हणजे हृदय कमजोर?

नमस्कार डॉक्टरताई. मी ४३ वर्षांची, सोलापूरला असते, घरीच ब्लाउज-ड्रेस शिवते. मला चौथीत, साडेनऊ वर्षांची असताना पाळी आली. आता गेल्या महिन्यात माझ्या मुलीलाही आली. तिला दहा पूर्ण होऊन चार महिने झालेत. परवा मोबाइलवर वाचलं की लवकर पाळी येणाऱ्या बायकांना पुढे हार्टचा त्रास होतो. माझी आई ५८ व्या वर्षी ॲटॅकने गेली. तिलाही लवकरच आली होती असं मावशी सांगते. तेव्हापासून मला झोप नाही. माझ्या धाकट्या जावेला सतराव्या वर्षी आली, म्हणजे ती सुटली का? मुलीची पाळी थांबवायचं इंजेक्शन असतं म्हणे, ते द्यावं का? सासूबाई म्हणतात ब्रॉयलर कोंबडीमुळे झालं, म्हणून मी तिचं चिकन बंद केलंय, भातही कमी केलाय. ती खो-खोला जायचीही बंद झालीय. माझं वजन तसं फार नाही, ५८ किलो, उंची पाच फूट. हिच्या वेळी बीपी वाढलं म्हणून आठव्या महिन्यात सिझर करावं लागलं, ही पावणेदोन किलोची होती. बाकी मोठं आजारपण कधी नाही. हल्ली पाळीत फार जातं, तर नणंद म्हणते पिशवी काढून टाक. काय करू?

सोलापूरच्या ताई,

आधी तुमच्या झोपेचं बघू. मोबाइलवर वाचलंत ते खोटं नाही, पण अपुरं आहे, आणि अपुरी माहिती रात्री दोन वाजता फार मोठी होऊन समोर उभी राहते.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९९६ ते २००१ या काळात पन्नाशी-साठीतल्या बायकांची नावं नोंदवून घेतली. ‘मिलियन विमेन स्टडी’ या नावाने तो अभ्यास ओळखला जातो. त्यातल्या सुमारे १२ लाख बायकांच्या पहिल्या पाळीचं वय नोंदवून पुढे अकरा-बारा वर्षं कोणाला काय झालं ते पाहिलं गेलं. २०१४ च्या अखेरीस निष्कर्ष आले. तेराव्या वर्षी पाळी आलेल्यांना हृदयविकार सगळ्यात कमी. दहाव्या वर्षी किंवा त्याआधी आलेल्यांना धोका २७ टक्के जास्त. आणि सतराव्या वर्षी किंवा त्यानंतर आलेल्यांनाही २३ टक्के जास्त. कागदावर काढलं तर चित्र झोळीसारखं दिसतं, दोन्ही टोकं वर आणि मध्ये खोलगट. तेव्हा तुमची जाऊ सुटलेली नाही. ती झोळीच्या दुसऱ्या टोकाला आहे. हे पत्र तिलाही वाचायला द्या.

आता ते २७ टक्के. शंभरातल्या सत्तावीस जणींना ॲटॅक येतो, असा अर्थ खूप जणी घेतात आणि धास्तावतात. तसं नाही. त्या अभ्यासात हजार बायकांमागे साधारण साठ जणींना त्या अकरा-बारा वर्षांत हृदयविकार झाला. साठाच्या जागी पंचाहत्तर-शहात्तर धरा. म्हणजे लवकर पाळी आलेल्या हजार जणींतल्या नऊशेहून जास्त जणींच्या हृदयाला तेवढ्या काळात काहीही झालं नाही. शिवाय त्या बायका इंग्लंडच्या, त्यांचं खाणंपिणं वेगळं, आणि पाळीचं वय त्यांनी पन्नाशीत आठवून सांगितलेलं. ते आकडे उचलून सोलापुरात जसेच्या तसे लावता येणार नाहीत. दिशा मात्र तीच दिसते. ब्रिटनच्याच दुसऱ्या एका मोठ्या पाहणीत, २०१८ मध्ये, बाराव्या वर्षाआधी पाळी आलेल्यांना धोका दहा टक्क्यांच्या आसपास जास्त आढळला.

असं का व्हावं? पाळी स्वतः हृदयाला काही करत नाही, ती निरोप घेऊन येते. मुलीच्या अंगात पुरेशी चरबी साठली की त्या चरबीतून लेप्टिन नावाचं द्रव्य मेंदूला सांगतं, की कोठीत धान्य भरलंय, आता पुढचं काम सुरू करायला हरकत नाही. हे द्रव्य सापडलं १९९४ मध्ये. लहानपणी वजन झपाट्याने वाढलेल्या मुलींच्या मेंदूला हा निरोप लवकर पोचतो. पुढे तेच वजन अंगावर राहिलं, तर तिशी-चाळिशीत बीपी आणि साखर त्याच वाटेने येतात. म्हणजे बराचसा धागा वजनातून जातो. सगळा नाही, कारण ऑक्सफर्डच्या अभ्यासात सडपातळ बायकांमध्येही हा फरक दिसला. उशिरा पाळी येण्यामागे कधीकधी लहानपणची उपासमार किंवा दुखणी असतात, आणि त्यांचाही माग शरीरावर राहतो.

काळाबरोबर हे वय सगळीकडेच खाली आलं आहे. युरोपात दीडेकशे वर्षांपूर्वी सोळाव्या-सतराव्या वर्षी पाळी यायची, १९६० च्या सुमारास ती तेरावर आली. माझ्या आजीला न्हाण आलं तेव्हा तिला मखरात बसवलं होतं, आणि तिला पंधरावं सरलं होतं. मला बारा पूर्ण व्हायच्या आत आली. दोन पिढ्यांत घरात दूध, तूप, धान्य वाढलं, आजार कमी झाले. लवकर आलेल्या पाळीत ही चांगली बाजूही आहे, ती विसरू नका.

तर साडेनऊ हा आकडा तुमच्या आरोग्याच्या वहीत एक नोंद म्हणून राहू द्या. मला काळजी वाटली ती तुमच्या पत्रातल्या दुसऱ्याच एका ओळीची. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत आणि पुढे ‘बाकी मोठं आजारपण कधी नाही’ असंही म्हणालात.

‘हिच्या वेळी बीपी वाढलं म्हणून आठव्या महिन्यात सिझर करावं लागलं.’

ताई, हे मोठं आजारपण होतं. गरोदरपणात वाढलेलं बीपी, त्यातून लघवीत प्रथिनं जात असतील तर प्री-एक्लाम्प्सिया, आणि त्यापायी बाळ वेळेआधी काढावं लागणं. बाळंत झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत बीपी उतरतं, बाळ काचेच्या पेटीतून घरी येतं, सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि विषय संपतो. पण तो खरं तर तिथे संपत नाही. गरोदरपणात हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना एरवीपेक्षा कितीतरी जास्त काम करावं लागतं. ते ज्यांना झेपलं नाही, त्यांच्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर नाजूक आहे असं समजायचं. २००७ साली जगभरातल्या अशा अभ्यासांची एकत्र बेरीज मांडली गेली. प्री-एक्लाम्प्सिया झालेल्या बायकांना पुढे कायमचं बीपी जडण्याचा धोका साडेतीन पटींहून जास्त, हृदयविकाराचा जवळपास दुप्पट आणि पक्षाघाताचाही दुपटीच्या जरा खाली. बाळंतपण वेळेआधी करावं लागलं असेल तर आणखी वर. २७ टक्के आणि दुप्पट हे शेजारी ठेवून बघा, म्हणजे तुमची धास्ती कुठल्या ओळीवर अडकली होती आणि कुठल्या ओळीवरून घसरून गेली ते कळेल. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०११ मध्येच गरोदरपणातलं बीपी आणि गरोदरपणातली साखर या दोन्ही गोष्टी बायकांच्या हृदयाच्या धोक्यांत मोजायला सांगितल्या. आपल्याकडे अजूनही चाळिशीच्या बाईला बीपी तपासताना ‘बाळंतपणात काही झालं होतं का’ हे क्वचितच विचारलं जातं. याची मला मनापासून चीड येते.

माझ्या ओपीडीत बायका आपली फाइल साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून आणतात. वर परवाचा रक्ताचा रिपोर्ट, खाली चष्म्याचा नंबर, मध्येच मुलाचं लसीकरणाचं कार्ड. बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड मात्र त्यात कधी नसतं, कारण ‘ते तर झालं ना’. ५१ वर्षांच्या एक बाई जबडा दुखतो म्हणून आल्या होत्या. दोन दाढा तपासून झाल्या, ॲसिडिटीच्या गोळ्या खाऊन झाल्या. जिना चढताना जबडा दुखतो आणि थांबलं की थांबतो, हे त्यांनी उठून जाताना दारात सांगितलं. ईसीजी काढला आणि त्यांना तिथूनच हृदयाच्या दवाखान्यात पाठवावं लागलं. वाचल्या. नंतर बोलता बोलता कळलं की दोन्ही बाळंतपणांत बीपी वाढलं होतं आणि एकदा झटके आले होते. पंचवीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं आणि सांगायची गोष्ट आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

म्हणून पहिलं काम, ते कार्ड शोधा. गोदरेजच्या कपाटात, गादीखाली, माहेरच्या ट्रंकेत, कुठेही असेल. त्यावर ‘पीआयएच’ (म्हणजे गरोदरपणातलं बीपी) किंवा ‘प्री-एक्लाम्प्सिया’ असं लिहिलेलं असेल, बीपीचे आकडे असतील, लघवीत अल्ब्युमिन, म्हणजे प्रथिन, आहे की नाही ते असेल. मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा. मग तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन तीन वाक्यं सांगा: मला गरोदरपणात बीपी होतं आणि आठव्या महिन्यात सिझर झालं. माझी आई ५८ व्या वर्षी हार्ट ॲटॅकने गेली. मला साडेनऊला पाळी आली. याच क्रमाने सांगा. आई किंवा बहीण पासष्टीच्या आत हृदयविकाराने आजारी पडली असेल तर वैद्यकात तो घरातला धोका धरतात, त्यामुळे आईची गोष्टही वजनदार आहे.

तपासण्या साध्याच आहेत. बीपी, उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉलची सगळी तपासणी, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवी. बीपी दवाखान्यात एकदा घेऊन समाधान मानू नका. घरी मशीन आणा किंवा शेजारून मागा. चहा पिऊन अर्धा तास झालेला असावा, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, हात टेबलावर, आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवा. घरचं बीपी सातत्याने १३५/८५ च्या वर दिसलं तर थांबू नका. आणि गोळी सुरू करा म्हणाले तर सुरू करा. ‘एकदा चालू झाली की सुटत नाही’ या भीतीने आपल्याकडच्या किती बायका दहा-दहा वर्षं बीपी अंगावर काढतात.

वजन फार नाही म्हणता, त्यावर जरा थांबू. पाच फूट उंचीला ५८ किलो म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, जवळजवळ २५. युरोपच्या तक्त्यात ते जेमतेम बसतं. आपल्या लोकांसाठी मात्र २३ च्या वर वजन जास्त धरतात, आणि याचं कारण शोधण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये दोघांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळच. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून याज्ञिकांच्या गटाने गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला, तेव्हा दिसलं की आपली बाळं जन्मतानाच वजनाने कमी पण चरबीने तुलनेने जास्त असतात. हातपाय काटकुळे आणि चरबी पोटात, हे तुमच्या-माझ्या घराघरांत दिसतं.

तुमच्यासारखीला वजनकाट्यापेक्षा टेपच खरं सांगेल, आणि ती तर दिवसभर तुमच्या गळ्यातच असते. परकराच्या नाडीचा वळ जिथे पडतो तिथे माप घेऊ नका, ती जागा बहुतेकींची खाली असते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून, टेप न आवळता माप घ्या. साडेएकतीस इंचांच्या वर गेलं तर पोटात चरबी आहे. टेपही नको असेल तर शिवणाचा दोरा आपल्या उंचीएवढा तोडा, दुमडून निम्मा करा आणि त्या मापात कंबर मावते का बघा. हे तुमच्या गिऱ्हाइकांचंही करता येईल, ब्लाउजचं माप द्यायला आल्या की.

मशीनवर बसून काम असेल तर दर तासाला उठा, रोज अर्धा तास भरभर चाला. सोलापूरची शेंगाचटणी आणि कडक भाकरी सोडा असं मी अजिबात म्हणणार नाही, शेंगदाणे हृदयाला चांगलेच. चटणीतलं, लोणच्यातलं, पापडातलं मीठ मात्र मोजा. दिवसाला सगळं मिळून एक छोटा चमचा, पाच ग्रॅम.

पिशवी काढायचं म्हणाल तर त्याला माझा ठाम विरोध आहे, निदान तपासणीआधी तरी. चाळिशीत पाळीत जास्त जाण्याला गाठी, थायरॉइड, हार्मोन अशी बरीच कारणं असतात आणि त्यातल्या पुष्कळांवर गोळ्यांचा किंवा आत बसवायच्या हार्मोनच्या साधनाचा उपाय होतो. आधी सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, थायरॉइड. ‘कटकट मिटेल’ म्हणून पिशवी काढताना बीजकोशही काढले, तर शरीराचं इस्ट्रोजन हे हार्मोन जवळजवळ एका दिवसात बंद होतं. पाळी लवकर जाणं हा हृदयासाठी पाळी लवकर येण्यापेक्षा मोठा धोका आहे. मी वर सांगितलेल्या २०१८ च्या त्याच पाहणीत ४७ च्या आत पाळी गेलेल्यांना धोका ३३ टक्के जास्त दिसला. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या कोवळ्या वयाच्या बायकांच्या पिशव्या इतक्या सर्रास काढल्या गेल्या की २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्यांच्या हृदयाचा हिशेब अजून कोणी मांडलेला नाही. तुमच्यावर तशी वेळ आणू नका. ऑपरेशन खरंच लागलं तर बीजकोश राखता येतील का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आता मुलीचं.

कोंबडीने हे झालेलं नाही. ब्रॉयलर लवकर वाढतो तो त्याच्या जातीमुळे आणि खाद्यामुळे, त्याला हार्मोन टोचत नाहीत. सासूबाईंना हे दुखावून सांगू नका, त्यांचीही काळजीच आहे. पण चिकन परत सुरू करा, आणि भातही. पाळी आल्यावर मुलीला लोह आणि प्रथिनं जास्त लागतात. तिच्या ताटातला भात कमी झालेला तिने पाहिलाय. ‘आपल्या अंगात काहीतरी चुकलंय’ एवढंच ती त्यातून शिकेल. बंद करायचंच असेल तर खारी, बिस्किटं, फरसाण, बाटलीतली पेयं घरात आणणं बंद करा. सगळ्यांसाठी, फक्त तिच्यासाठी नाही.

इंजेक्शन असतं, खरं आहे. ज्या मुलींच्या छातीची वाढ आठ वर्षांच्या आतच सुरू होते त्यांना ते महिन्याला किंवा तीन महिन्यांना देतात, मुख्यतः उंची खुंटू नये म्हणून. दहा पूर्ण झाल्यावर, पाळी आल्यानंतर, त्याचा उंचीलाही फारसा उपयोग होत नाही. हृदय वाचावं म्हणून तर ते देतच नाहीत. तिच्या छातीची वाढ आठव्या वर्षाआधी सुरू झाली होती का, एवढं आठवा. झाली असेल, किंवा डोकेदुखी आणि नजरेची तक्रार असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. डाव्या हाताचा एक्स-रे काढून ते हाडांचं वय पाहतील. एरवी वर्षातून एकदा उंची, वजन आणि बीपी पुरे.

ती पावणेदोन किलोची जन्मली, हे तुम्ही सांगितलंत ते बरं झालं. लहान वजनाची बाळं पुढे झपाट्याने भरली की त्यांची पाळी लवकर येण्याकडे कल असतो. तिला लवकर का आली, याचं एक उत्तर बहुधा तुमच्या त्या बीपीच्या बाळंतपणातच आहे. यात तुमचा दोष नाही. ‘मी तिला भरवलं म्हणून झालं’ असा विचार मनात आला असेल तर तो काढून टाका. काचेच्या पेटीतलं बाळ तुम्ही दहा वर्षांत धडधाकट केलंत.

सगळ्यात जास्त मला सलली ती खो-खोची गोष्ट. दहा-बारा वर्षांच्या मुलींचं मैदान पाळीबरोबर सुटतं. डाग पडेल म्हणून, पोट दुखतं म्हणून, कोणी बघेल म्हणून, आणि मग परत कधीच सुरू होत नाही. तिच्या हृदयासाठी रोजच्या तासाभराच्या धावण्याइतकं मोलाचं औषध माझ्याकडे नाही. बहुधा तिला पळताना पॅड सरकेल याची भीती असेल. तुम्ही शिवता. तिच्या मापाच्या दोन घट्ट, गडद रंगाच्या चड्ड्या शिवून द्या, दप्तरात एक जास्तीचं पॅड कापडी पाकिटात ठेवा, आणि चौथीतल्या साडेनऊ वर्षांच्या मुलीला त्या दिवशी काय वाटलं होतं ते तिला सांगा. मग खेळाच्या बाईंना भेटून विचारा, सराव किती वाजता असतो. पहिले दोन-तीन दिवस तुम्हीही जा. ती पळेल तेवढा वेळ मैदानाला फेऱ्या मारा, तुमचं अर्ध्या तासाचं चालणंही त्यातच होईल.

कार्ड सापडलं की त्यावरचे आकडे आणि तुमचं आठवड्याचं बीपी मला लिहून पाठवा. मी वाट बघते.

तुमची,
डॉक्टरताई